उरलेले दोन तृतीयांश

माणसाने आजवर लिहिलेलं, बोललेलं किंवा भोगलेलं असं काहीही नाही, जे एक तृतीयांशात मावणार नाही. हे वाक्य मी चौतीस वर्षं सातवीच्या वर्गात पहिल्या तासाला म्हणत आलो. म्हणताना माझा डावा हात आपोआप टेबलावर जाई आणि उजवा कमरेवर, पुतळ्यासाठी माप द्यायला उभं राहावं तसा. परवा मंगळवारी त्याच सारांशलेखनात मला दहापैकी साडेतीन गुण मिळाले. वही नातीची होती, अक्षर नातीचं होतं, पण शब्द माझे होते, अगदी पूर्णविरामापर्यंत माझे. शेजारी लाल शाईत शेरा होता: 'मुख्य मुद्दाच सुटला आहे. उतारा पुन्हा वाचावा.' आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'पालकांची सही आणावी.' हा शेरा मी स्वतः हजारो वह्यांवर मारला असेल, पण वहीच्या या बाजूने तो कधी वाचला नव्हता. न्हाव्याने हौसेने दुसऱ्याच्या खुर्चीत बसावं आणि वस्तरा मानेशी आल्यावर त्याला प्रथमच कळावं की ही खुर्ची मागे झुकते, तसं काहीसं झालं.

"तुम्ही म्हणाला होतात दहापैकी दहा," नात म्हणाली. दप्तर अजून तिच्या पाठीवरच होतं. "सारांशाला दहापैकी दहा कोणी देत नाही. साडेनऊ म्हणालो असेन." "साडेतीन आहेत, आजोबा." "दिसतंय मला." "आईने बघितलं तर मलाच बोलणार. तुम्हाला कोण बोलतंय?" "मी बघतो काय ते," मी म्हणालो. 'मी बघतो' हे वाक्य पुरुषमाणूस फक्त अशाच वेळी म्हणतो, जेव्हा त्याला समोरचं काहीएक दिसत नसतं. खिडकीजवळ बायको नातीच्या शाळेच्या शर्टाला बटण लावत बसली होती. तिने मान वर केली, आमच्या दोघांकडे पाहिलं, दोरा दाताने तोडला आणि पुन्हा मान खाली घातली.

खरी गोम पुढेच आहे. तो उताराही माझाच होता. आमच्या शाळेत सारांशासाठी उतारे शोधायचं काम माझ्याकडे असे. थोरामोठ्यांच्या पुस्तकांतले उतारे मुलांना गाईडमुळे आधीच पाठ असत, म्हणून मी ते स्वतःच लिहू लागलो, वर्षाला आठ-दहा. आता, माणूस स्वतःच्या मनाने लिहायला बसला की लिहून लिहून लिहिणार काय? घरात जे असतं तेच. आमच्या वडिलांचा हट्टीपणा 'जुन्या पिढीची निष्ठा' म्हणून सहामाहीला आला. थोरली बहीण भांडून गेली तेव्हा तिने नेलेला आरसा 'मोह आणि माणूस' या नावाने वार्षिकला. लेकीला गोवर आला तो आठवडा 'आरोग्य हीच संपत्ती' झाला, त्यात तिच्या अंगावरचं पुरळ गाळून टाकलं होतं. दर वर्षी शंभर मुलं माझ्या घरच्यांना एक तृतीयांश करून आणून देत आणि मी बसून त्यांना गुण देई. एकदा लिहिलेला उतारा मग वर्षानुवर्षं चाले, कारण शाळेत नवा उतारा मिळण्यापेक्षा नवी मुलं मिळणं केव्हाही सोपं. त्यातलाच हा एक, तीस वर्षांपूर्वीचा. मध्ये कपाटं बदलली, मुख्याध्यापक बदलले, मी निवृत्त झालो, आणि उतारा मात्र नोकरीवर कायम राहिला.

शुक्रवारी नात तो छापील कागद घेऊन आली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी उगाचच चष्मा पुसला. कागदावर असं होतं:

'आमच्या परिचयातील एक बाई टेलिफोन कचेरीत काम करतात. दिवसाला चारशे माणसांना त्या एकमेकांशी जोडून देतात. "नंबर सांगा", "थांबा", "बोला" आणि "तीन मिनिटे झाली" एवढ्या सात शब्दांत त्यांचा सबंध दिवस पार पडतो. घरी आल्यावरही त्या वायफळ बोलत नाहीत. नवरा वाचत असला तर दिवा त्याच्या बाजूला सरकवतात आणि शिवण घेऊन बसतात. एकदा खिडकीशी उभ्या असताना त्या म्हणाल्या, "चारशे जणांना जोडून दिलं आज. मला मात्र कोणाचाच फोन नव्हता." मग त्या हसल्या आणि भाजी चिरू लागल्या. शब्द हे पाण्यासारखे असतात. ते जपून वापरावेत. ज्यांना हे कळले त्यांचे जीवन सुखी होते.'

"असे उतारे आता कोणी लिहीत नाही," मी म्हणालो. "कोणी लिहिलाय?" "आहेत एक जुने." "ही बाई आजीसारखीच आहे ना? आजी पण फोनच्या ऑफिसात होती." "उदाहरणं गाळायची. मुद्द्यावर ये," असं म्हणून मी तिला आदर्श उत्तर सांगितलं, एका दमात, कुठेही न अडखळता: 'टेलिफोन कचेरीतील एक बाई मोजक्या शब्दांत मोठे काम करतात. घरीही त्या व्यर्थ बोलत नाहीत. शब्द जपून वापरणाऱ्यांचे जीवन सुखी होते.' शीर्षक: 'मितभाषणाचे महत्त्व'. नातीने लिहून घेतलं. लिहिताना तिने एकदा पेन थांबवून खिडकीकडे पाहिलं, पण मी टेबलावर बोट वाजवलं आणि ती पुढे लिहू लागली.

मी मुलांना शिकवत असे ती पद्धत साधी होती. वर्गात तिला 'पाच कात्र्या' म्हणत. पहिली कात्री विशेषणांना, दुसरी उदाहरणांना, तिसरी उपमांना, चौथी पुनरुक्तीला आणि पाचवी अवतरणचिन्हांत जे जे असेल त्या सगळ्याला. 'माणसं बोलतात ते गाळा, करतात ते ठेवा,' असं मी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहून ठेवायचो आणि तो कोपरा वर्षभर पुसायचा नाही अशी ताकीद होती. मग शंभर पेन्सिली एकदम चालू लागत, आणि पत्र्यावर बारीक वाळू पडावी तसा आवाज वर्गात भरून जाई. रेघा मारताना मुलांच्या जिभांची टोकं बाहेर येत. ओल्या फडक्याचा, पेन्सिलीच्या भुशाचा, बंद डब्यांतून चुकार निसटलेल्या भाजीचा असा एक मिश्र वास खिडकीपर्यंत जाऊन परत येई. त्या तासाइतका सुखी मी आयुष्यात दुसरीकडे कुठे झालो असेन असं वाटत नाही. जग आपल्या डोळ्यांदेखत लहान होत चाललंय, आवाक्यात येतंय, शेवटी तर हातरुमालाएवढं घडी घालून खिशात ठेवता येईल, असं वाटायचं. मुलं मला 'एक तृतीयांश' म्हणत. मला ते माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मला ते आवडतं हे तर मलाही बरीच वर्षं माहीत नव्हतं. एकदा एका मुलीने या उताऱ्यातल्या 'मला मात्र कोणाचाच फोन नव्हता' या वाक्यावर रेघ मारायला नकार दिला होता. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. "सर, हे गाळलं तर ती काय म्हणाली ते कळणार नाही." "कळायची गरज नाही." "मग ती म्हणाली कशाला?" वर्ग हसला. मीही हसलो, म्हटलं, "बस खाली." ती बसली, पण रेघ मारली की नाही ते मी पाहिलं नाही. परवा साडेतीन गुणांकडे बघत बसलो असताना मला तिचा तो पडलेला दातच आधी आठवला.

कात्री माणसाने शाळेत ठेवून यावी, पण ती खिशातून घरी येते. बायको कामावरून आली की पायरीपासूनच सांगायला लागायची. आज टेलिफोनच्या बोर्डावर शेजारी बसणारीला उचकी लागली आणि ती उचकीतच नंबर विचारत होती, एका गृहस्थांनी चुकीच्या घरी फोन लावून त्या घरच्या लग्नाला होकार दिला, साहेबांची खुर्ची मोडली तर तीन माणसं दुरुस्तीला आणि सात माणसं बघायला. मी वाचत असायचो. वाईट बोलायचो नाही. माझा आवाजही मऊ असे. फक्त पुस्तकात बोट ठेवून विचारायचो, "मुद्दा?" ती म्हणायची, "मुद्दा असा काही नाही." मी म्हणायचो, "बरं." पुढे पुढे ती पायरीवरचं सगळं पायरीवरच ठेवून येऊ लागली. मग उचकीही थांबली. लेक वसतिगृहातून पत्र लिहायची चार-चार पानांची, त्यातल्या महत्त्वाच्या वाक्यांखाली मी लाल पेन्सिलीने रेघा मारून ते बायकोला वाचायला देई, तिचा वेळ वाचावा म्हणून. ती सगळं पत्र वाचायची, आणि रेघा नसलेली वाक्यं दोनदा. लेक आजही फोन करते तेव्हा मी उचलला तर म्हणते, "बाबा, बरे आहात ना? आईला द्या." हा सारांश तिने माझ्याकडूनच शिकला, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

बुधवारी मधल्या सुट्टीत शाळेत गेलो. मनात भाषण तयार होतं, मुद्देसूद, तीन परिच्छेदांचं. दारातल्या शिपायाने विचारलं, "कोणाचे कोण?" आयुष्यभर या दारातून छाती काढून आत गेलेल्या माणसाने म्हटलं, "सातवीतल्या मुलीचा आजोबा." त्याने मला पालकांच्या बाकावर बसवलं. तो बाक मीच निवडला होता, मुद्दाम बुटका. माणूस बसल्याबरोबर त्याची अर्धी तक्रार गुडघ्यांत उतरते. माझीही उतरली. माझी ओळख नातीने शाळेत कोणाला दिली नव्हती. का, म्हणून विचारलं होतं तेव्हा म्हणाली, "मग माझे पेपर कडक तपासतील." मग शिपायाने आत सोडलं. शिक्षकांच्या खोलीत माझं कपाट होतं तिथे आता पाणी थंड करायचं मशीन होतं. मशीन गुरगुरत होतं, माझ्या काळच्या उपमुख्याध्यापकांसारखं. टेबलाशी वह्यांच्या गठ्ठ्यामागे नवी बाई बसली होती. तिशीची असेल-नसेल. कोपराला खडू लागलेला, आणि एका हाताने डबा बंद करताना दुसऱ्या हाताने ती वह्या सरळ करत होती.

"या ना आजोबा. गुण वाढवायला आलात ना?"

"छे छे. एक शंका होती."

"गुण वाढवायला येणारे सगळे शंकाच घेऊन येतात. विचारा."

मी भाषणाचा पहिला परिच्छेद काढला. उत्तर शुद्ध आहे, शब्दसंख्या मर्यादेत आहे, शीर्षक आहे. ती मान डोलवत ऐकत होती. "सगळं बरोबर आहे," ती म्हणाली, "फक्त ते तिचं नाही. बारा वर्षांची मुलगी 'व्यर्थ' लिहीत नाही हो. घरात कोणीतरी जुनं माणूस सांगतंय." मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर माझ्या वेळचं झाड अजून होतं, त्यालाही माझी ओळख पटलेली दिसली नाही. "तुम्ही कसं शिकवता?" मी विचारलं. "मी पुस्तक मिटायला लावते. ज्याने वाचलेलं नाही अशा मुलाला शेजारी बसवायचं आणि त्याला सांगायचं. सांगितल्याशिवाय ज्याला राहवत नाही, तो मुद्दा. मग लिहायचं." "आणि शब्दसंख्या?" "ती नंतर बघू. आधी त्या उताऱ्यातली बाई तर सापडू दे." आणि तिने गठ्ठ्यातून एक वही ओढली, कडेला तेल लागलेली, आणि वाचलं: "'एका बाईला कोणाचाच फोन येत नाही. तिचा नवरा वाचत असतो.' बस, एवढंच. नऊ दिले याला. शीर्षक दिलं नाही म्हणून एक कापला."

मी सवयीने शब्द मोजले. दहा. माझ्या बोटांनी टेबलाखाली मोजले, आणि दहाव्या बोटाशी आल्यावर पुढे जायला बोटच उरलं नाही. तिचा नवरा वाचत असतो. माझ्या उताऱ्यात हे होतं, मीच लिहिलं होतं, 'नवरा वाचत असला तर'. आणि मी स्वतः त्यावरून तीस वर्षं ये-जा केली होती, दारातल्या पायपुसण्यावरून करावी तशी.

"गंमत सांगू का?" नवी बाई म्हणाली. तिने खालच्या खणातून एक पिवळी पडलेली फाईल काढली. दोऱ्याची गाठ मी ओळखली, कारण ती मी मारलेली होती. "हे सगळे उतारे मला हिच्यात मिळाले. कोणी जुने सर होते म्हणे, मुलं त्यांना एक तृतीयांश म्हणायची." "ऐकलंय नाव." "प्रत्येक उताऱ्याच्या मागे त्यांनी उत्तरही लिहून ठेवलंय. या उताऱ्याचं उत्तर आणि तुमच्या नातीचं उत्तर शब्दाला शब्द एकच आहे." मी पंख्याकडे पाहिलं. "योगायोग असेल," मी म्हणालो. "असेल," ती म्हणाली. मग तिने कागद उलटा केला, सुलटा केला. "मला आधी वाटलं, ही दोन वेगळी माणसं आहेत. उतारा लिहिणाऱ्याला सगळं कळलेलं होतं. उत्तर लिहिणाऱ्याला काहीच नाही. पण अक्षर तर एकच आहे." घंटा झाली. मुलं आत लोटली, जिन्यावर पावलांचा पाऊस सुरू झाला. ती उठली, वह्या छातीशी धरल्या आणि दाराशी जाऊन थांबली. "आजोबा, त्या आहेत का हो अजून?" "आहेत," मी म्हणालो, "बटण लावतायत." गुणांचं बोलणं तिथेच राहिलं. पुन्हा लिहून आणायला सांगा, स्वतःचं, सहीसकट, एवढं तिने जाता जाता सांगितलं, आणि मी 'हो बाई' म्हणालो.

परतीची वाट वीस मिनिटांची; मला त्या दिवशी तास लागला. चालताना माझ्या कानात एक खरखर सुरू झाली होती, जुनी, लाकडी, पोस्टाच्या कोपऱ्यातल्या टेलिफोनच्या त्या खोक्यातली, ज्याचं दार कधीच पुरतं लागत नसे. नोकरी नवी होती, गाव परकं होतं, आणि दर रविवारी मी वडिलांना ट्रंक कॉल लावायचो. तीन मिनिटं मिळायची. मी मुद्दे कागदावर काढून न्यायचो. तब्येत ठीक. नोकरी ठीक. खोली मिळाली. जेवणाची सोय झाली. आईला नमस्कार. एवढं वाचून व्हायला दीड मिनिट लागे. उरलेलं दीड मिनिट वडील आणि मी तारेच्या दोन टोकांना उभं राहून एकमेकांचा श्वास ऐकत असू, दोघंही सभ्य माणसं, मध्येच ठेवायचं कसं. मग एक आवाज यायचा, कोमट, किंचित नाकातला: "तीन मिनिटं झाली." आणि दोघंही सुटायचो. असे सात-आठ रविवार गेले असतील. एका रविवारी माझे मुद्दे संपले, शांतता सुरू झाली, आणि तो आवाज वेळेआधीच आला. "अजून दीड मिनिट आहे. आईच्या गुडघ्याचं विचारा ना. गेल्या रविवारी सूज होती म्हणाले होते." परक्या बाईने आमच्या घरात चपला घालून पाऊल टाकावं तसं वाटलं. पण विचारलं. आणि वडील, जे आयुष्यात कधी सलग चार वाक्यं बोलले नव्हते, ते बोलायला लागले. गुडघ्यावरून वैद्यावर गेले, वैद्यावरून त्याच्या लंगड्या कुत्र्यावर, मग म्हणाले थांब, तीच आलीय, आणि आईने फोन इतका तोंडाजवळ धरला की मला आधी तिचं बोलणं न कळता नुसती ऊबच कळली. मी खोक्याच्या भिंतीला टेकलो. भिंतीवर कोणीतरी पेन्सिलीने एक घर काढलं होतं, धुराड्यासकट. मी त्या धुराड्यावर बोट फिरवत होतो आणि आई सांगत होती की माझ्या खोलीत आता मांजर निजतं. "तीन मिनिटं झाली" असा आवाज आला तेव्हा मी घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटं झाली होती. तीनाची नऊ. माझं गणित कोणी उलटं चालवलेलं मी जन्मात त्या एकदाच पाहिलं. दुसऱ्या दिवशी आभार मानायला टेलिफोन कचेरीत गेलो. कानावर वाटीसारखं काहीतरी घातलेल्या अकरा बायका एका रांगेत बसून भोकांत दोऱ्या खुपसत होत्या, आणि त्यातली नेमकी कोणती हे मला ती बोलेपर्यंत कळणार नव्हतं. ती म्हणाली, "थांबा." मी थांबलो. अजून थांबलोच आहे म्हणायचं.

घरी आलो तेव्हा नात टेबलाशी बसली होती आणि बायको खिडकीशी. एका बटणाचा रंग जुळेना म्हणून तिने शर्टाची पाचही बटणं काढली होती. ती चुका एकेकट्या दुरुस्त करत नाही. "वाढवले का?" नातीने विचारलं. "नाही. बरोबर दिलेत. तुला परत लिहायला सांगितलंय. तुझं तू." "मग तुम्ही कशाला गेला होतात?" मी खुर्ची ओढून खिडकीपाशी नेली. ती खुर्ची तिथे कधी नसते, त्यामुळे फरशीवर तिचे पाय करकरले आणि बायकोने सुई थांबवली.

"आज काय काय झालं?" मी विचारलं.

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे."

"मग? शाळेत कोणी काही बोललं का?"

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"उतारा."

"अहो, गठ्ठे कोण लावत होतं?" तिने सुईत दोरा घातला, पहिल्या खेपेत, चष्म्याशिवाय. "दर वर्षी शंभर पेपर नंबराप्रमाणे लावायचे म्हणजे वाचल्याशिवाय राहतंय का? काय काय लिहायची मुलं. एकीने लिहिलं होतं, त्या बाईंनी दुसरी नोकरी बघावी. एकाने लिहिलं होतं, नवऱ्याचं पुस्तक लपवावं. आणि एका मुलाने तर समासात लिहिलं होतं, 'बाईंना माझा नमस्कार सांगावा.' त्याचा तुम्ही अर्धा गुण कापलात."

"समासात लिहायचं नसतं," माझ्या तोंडून निघून गेलं.

"म्हणून तर तो नमस्कार मी परस्पर घेऊन टाकला."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"ऑपरेटरने मध्ये बोलायचं नसतं," ती म्हणाली. गाठ मारली, ओढून पाहिली. "एकदा बोलले होते. त्याचं काय झालं ते बघतेच आहे."

नात फिस्सकन हसली आणि वहीत डोकं घातलं. मी म्हणालो, "आज कोणाचा फोन होता का?" बायको म्हणाली, "असायचा कोणाचा." मग दोरा ओढत म्हणाली, "होता एक. चुकीचा." आणि सांगू लागली. कोणी म्हातारे गृहस्थ होते, त्यांना चपलांचं दुकान हवं होतं. ती म्हणाली, दुकान नाही हे, घर आहे. ते म्हणाले, मग तुम्ही कोणत्या चपला घालता. तिने सांगितल्या. त्यांनी त्यांच्या पायाला कुरूप आहे ते सांगितलं. मग तिने तिच्या मावशीच्या कुरुपाचं सांगितलं, त्या मावशीचं जिने म्हातारपणी पोहायला शिकून सगळ्यांना घाबरवलं होतं, आणि ती मावशी कशी आंघोळीच्या बादलीत तोंड घालून श्वास धरायचा सराव करायची. इथे ती थांबली. नेहमी जिथे थांबते तिथेच थांबली, इतक्या वर्षांच्या सवयीने, जिना संपला असं समजून पाय टाकावा तशी. माझ्या जिभेवर तो शब्द आलेला होता, दोन अक्षरी, मऊ. खिशात लाल पेन्सिल होती. मी ती बोटांनी चाचपली आणि तशीच राहू दिली. खिडकीवर एक माशी बसून पुढचे पाय चोळत होती. बायकोने माझ्याकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं. पुढे काय बोलायचं असतं हे तिला खरंच आठवत नव्हतं. या ठिकाणाच्या पलीकडे ती या घरात कधी आलीच नव्हती. "मग बादलीचं काय झालं?" मी विचारलं. "बादली?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज किंचित नाकात गेला, कोमट झाला. "बादलीचं वेगळंच झालं." आणि मग बादली, बादली देणारा शेजारी, शेजाऱ्याची भिंत, भिंतीपलीकडे शिकणारी बासरी, बोर्डावरची ती उचकीवाली, जी पुढे उचकी थांबल्यावर एकदम गंभीर झाली आणि कोणाला आवडेनाशी झाली. यातलं काहीही दुसऱ्या कशाशी जोडलेलं नव्हतं, किंवा ती जोडत होती आणि मला दोऱ्या दिसत नव्हत्या. मुद्दा कुठेच नव्हता. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. आणि मला एकदम वाटलं की आपण आता काहीतरी बोलावं, तीस वर्षांचं, मोठं, विशेषणांसकट, उपमांसकट, पुनरुक्तीसकट, आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसलो, डावा हात खिडकीवर ठेवला, उजवा कमरेकडे न्यायला लागलो.

"आजोबा," नात वही घेऊन मध्येच उभी होती. "झालं माझं लिहून. इथे सही करा. आणि छोटीशीच करा हां, जागा नाहीये."